उन्हाची वाटणी

दोंदे सरांना गोदाछाया सोसायटीत मान होता. कशाबद्दल होता, हे मात्र कुणाला नीट सांगता आलं नसतं. जिन्यात भेटले की माणसं अंग चोरून वाट द्यायची. सोसायटीचा कार्यक्रम असला की त्यांना पुढच्या रांगेत गादीची खुर्ची मिळायची. आणि पाहुण्यांना ओळख करून देताना लोक "सर इकॉनॉमिक्सचे आहेत" हे अशा हळू आवाजात सांगायचे, ज्या आवाजात "त्यांना शुगर आहे" असं सांगतात.

मानाच्या पाठोपाठ प्रश्न यायचे. सोनं आत्ता घेऊ की थांबू. लासलगावला कांदा कधी चढेल. पाथर्डी फाट्याला फ्लॅट बुक करावा का. सर चष्मा पुसत म्हणायचे, "ते मागणी-पुरवठ्यावर अवलंबून आहे." माणूस जिना उतरता उतरता पुटपुटायचा, "एवढं तर भाजीवाली पण सांगते." आणि मग तोच माणूस संध्याकाळी सरांच्याच घरी, पण मोहिनीबाईंकडे यायचा. मोहिनीबाई बँकेत होत्या. त्यांना पैशातलं कळतं, याबद्दल नाशिकच्या जेलरोडभर कुणाला शंका नव्हती. एकदा तर एकाने त्यांना सरांच्या देखत विचारलं होतं, "मॅडम, मिस्टर काय करतात तसे?"

त्यातून चेअरमन बोराडे. सावळीराम बोराडे नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. अर्थव्यवस्थेवर काही चर्चा निघाली की ते हात वर करून थांबवायचे आणि म्हणायचे, "सर, तुम्ही पैशाबद्दल शिकवता. आम्ही तो छापलाय." या वाक्याला उत्तर सरांना कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या कुठल्याही आवृत्तीत सापडलं नव्हतं.

सर हे सगळं सोसायचे, कारण एरवी ते सुखी माणूस होते. निफाडच्या द्राक्षबागांतल्या मजुरीवर त्यांनी पीएच.डी. केली होती, कॉलेज जवळ होतं, बायको हसतमुख होती. एकच सल होता. अर्थशास्त्र घेणारी पोरं दरवर्षी कमी होत चालली होती. वर्गात बाकांचा पुरवठा भरपूर, मागणी मात्र खिडकीजवळच्या दोन-तीन बाकांनाच. आणि अशात एफवायच्या वर्गात आली पायल.

पायल तिसऱ्या मजल्यावरच्या कुट्यांची. तिने पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "सर, पावसाळ्यात रसवंतीवाल्याकडे काळं कुत्रं येत नाही, तरी तो गाडा का लावतो?" सर त्या दिवशी घरी शीळ घालत आले होते. अशी पोर दहा वर्षांत एखादी येते. तिने एसवायला स्पेशल विषय अर्थशास्त्र घ्यावा, एवढीच सरांची इच्छा होती. आणि ती इच्छा पायलच्या आजीच्या, आक्काबाईंच्या हातात होती. पायलचे आईबाप सकाळीच कंपनीत जायचे. घरातले निर्णय आक्काबाई घ्यायच्या.

आक्काबाई मूळच्या सायखेड्याच्या. त्या एका संध्याकाळी सरांकडे आल्या, सोफ्यावर बसल्या, मोहिनीबाईंनी दिलेलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सर, पोरगी म्हणती अर्थशास्त्र घेते. तर ते घिऊन करत्यात काय?"

सर ताठ बसले. आयुष्यात प्रथमच हा प्रश्न त्यांना कुणी खरंच उत्तर हवंय अशा चेहऱ्याने विचारला होता.

"आक्काबाई, असं बघा. माणसाच्या गरजा अमर्याद असतात. साधनं मर्यादित असतात."

"ते तर नळाला पाणी येतं तवा रोजच कळतं. पुढं?"

"पुढं म्हणजे, ती साधनं कुणाला, किती, कशी द्यायची, त्या वाटपाचा अभ्यास."

"वाटपाचा." आक्काबाईंनी तो शब्द सुपारीसारखा दाढेखाली धरला. "मंग आपल्या गच्चीचं करून दावा."

स्वयंपाकघरात मोहिनीबाईंच्या हातून झारा पडला.

गच्चीचं प्रकरण सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. नाशिकचं चैत्रातलं ऊन पितळेच्या ताटासारखं असतं. बोट लावलं तर चटका, पण त्यावर वाळवलेलं वर्षभर टिकतं. असं ऊन पडलं की बायकांचे हात आपसूक शिवशिवू लागतात. गव्हाचा चीक शिजतो, सोऱ्या निघतो, उडदाचे गोळे कुटले जातात. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, सगळ्यांचा मोर्चा गच्चीकडे वळतो. आणि गोदाछायेत तो मोर्चा दर रविवारी एकाच वेळी वळायचा. मागच्याच रविवारी आक्काबाईंच्या कुरडयांनी दुसऱ्या मजल्यावरच्या आबिदाबाईंच्या शेवयांना टाकीच्या सावलीत ढकललं होतं. आबिदाबाईंनी त्यावर तोंड उघडलं नव्हतं, फक्त जिन्यात समोरासमोर आल्यावर आक्काबाईंना सलाम करायचा बंद केला होता. हे भांडणापेक्षा वाईट होतं.

"जमलं तर पोरगी तुमची," आक्काबाई उठता उठता म्हणाल्या. "नाय जमलं तर भूगोल घील, बी.एड. करील, मास्तरीण हुईल. भूगोलाच्या मास्तरणीला निदान नकाशा तरी लटकावता येतो. तुम्ही काय लटकावता?"

त्या गेल्यावर मोहिनीबाई म्हणाल्या, "अहो, नाही म्हणून टाका. पापडाच्या बाबतीत बायकांच्या मध्ये पडू नये."

"मोहिनी, हा पापडाचा प्रश्न नाही. हा एका विषयाच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे."

"विषय राहील हो. तुमचं बघा."

पण सरांना स्फुरण चढलं होतं. त्यांनी चहाचे दोन कप संपवले आणि योजना तयार केली. गच्चीचे खडूने चौकोन आखायचे. प्रत्येक चौकोनाला प्रत्येक वाराचं एक टोकन. टोकनं सगळ्या घरांना सारखी, फुकट. ज्याच्याकडे टोकन, त्याचा चौकोन. स्वच्छ, न्याय्य, शास्त्रीय. सरांना ती इतकी सुंदर वाटली की त्यांनी ती पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवली. मोहिनीबाई तेव्हा कुकरच्या शिट्ट्या ऐकत होत्या.

बोराड्यांनी योजना ऐकून घेतली आणि मान हलवली. "कल्पना चांगली. पण गच्ची सामाईक. उद्या कुणी तक्रार केली तर? वरून परवानगी आणू."

कुठल्याही सोप्या कामाला अवघड करणारा हा ‘वरून’ शब्द भाषेत कुणी आणला, त्याचाही कधीतरी अभ्यास व्हायला हवा. सर सोसायट्यांचा कारभार बघणाऱ्या एका ऑफिसात गेले. तिथल्या टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला.

"वाळवण म्हणजे व्यवसाय की घरगुती?"

"घरगुती."

"मग आमच्याकडे कशाला?"

"गच्ची सामाईक आहे."

"मग व्यवसाय आहे का?"

"नाही हो."

"नसेल तर हा विषय आमच्याकडे येत नाही. असेल तर परवानगी मिळत नाही." असं म्हणून गृहस्थांनी अर्ज दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, परत दिला. बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत सरांना या उत्तरातली चूक शोधता आली नाही, आणि नंतर त्यांनी शोधायचं सोडून दिलं.

बोराड्यांनी "वरच्यांनी नाही तर म्हटलं नाही ना" असा अर्थ काढून मंजुरी दिली. सरांनी कॉलेजचा खडू घेऊन, मुंडासं बांधून, गुडघ्यांवर बसून गच्ची आखली. पायल दोरी धरायला होती. ती मधेच म्हणाली, "सर, आपण त्यांना आधी विचारायला नको का, कुणाला काय अडतंय ते?"

"विचारलं की माणसं मागण्या करतात, पायल. आधी रचना करायची."

पायलने दोरी ताणली. पण ती अशी धरली होती, की तिला अजून काही म्हणायचंय हे दिसत होतं.

टोकनं वाटली गेली. रंगीत पुठ्ठ्याची, गोल, कोपरे टोचणार नाहीत अशी. सगळ्यांनी आनंदाने घेतली. ज्या घरात तीन वर्षांत पापड लाटला गेला नव्हता, त्यांनीही घेतली. "असू द्या, कधी लागलं तर," असं म्हणत घेतली. आपल्याकडे लग्नात टाचणीसुद्धा फुकट वाटली तरी माणूस दोन घेतो, ही गोष्ट सरांच्या ध्यानात यायला हवी होती. पण ते रचना करत होते.

त्यानंतर जे घडलं, ते सरांनी शनिवारी सकाळी स्वतः डोळ्यांनी पाहिलं. वर निळंभोर आभाळ, खाली तापलेली फरशी, पांढऱ्याशुभ्र रेघांचे सुंदर चौकोन, आणि त्या सगळ्यावर काही नाही. एक चादर नाही, एक सांडगा नाही. सगळ्या गच्चीचं ऊन टोकनांच्या रूपाने लोकांच्या फ्रीजवर चुंबकाला लटकून पडलं होतं. ज्यांना हवं होतं त्यांच्याकडे हव्या त्या वाराचं टोकन नव्हतं, आणि ज्यांच्याकडे होतं ते गावाला गेले होते.

खालच्या मजल्यावरच्या, जातं नसलेल्या घरातून जात्यावरच्या ओवीची चाल ऐकू आली. आक्काबाई गहू पाखडता पाखडता म्हणत होत्या:

*ऊन गं बाई ऊन, गच्चीवर मावेना,*
*सरांच्या चिठ्ठीत एक किरण घावेना.*

सर अपमान झालेल्या माणसाने उतरावा तसा, कठड्याला हात न लावता जिना उतरले.

पण हार मानतील तर ते शास्त्रज्ञ कसले. त्यांनी नियमात दुरुस्ती केली. नऊ वाजेपर्यंत चौकोन वापरला नाही, तर हक्क गेला. मग येईल त्याचा चौकोन. नोटीस बोर्डावर कागद लागला. रविवारी सकाळी सर मोठ्या आशेने वर गेले. गच्ची भरलेली होती. म्हणजे, प्रत्येक चौकोनात काही ना काही होतं. बहुतेक चौकोनांत एक पापड होता.

एक. मधोमध. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर खडा.

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची विद्या जे आईच्या कडेवर बसून शिकले, त्यांना दुसरं काय सुचणार? आणि ही युक्ती पहिल्यांदा कुणी काढली, तर खुद्द चेअरमनसाहेबांनी. त्यांचा पापड उडदाचा, मिऱ्याचा, चौकोनाच्या नेमक्या मध्यावर, शासकीय शिक्क्यासारखा बसला होता.

तो कावळ्याने नेला.

रिकामा चौकोन दिसताच, शेवयांची परात घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या आबिदाबाईंनी झटक्यात धोतराचं धुतलेलं पान अंथरलं आणि शेवया पसरल्या. तेवढ्यात बोराडे आले.

"आबिदाबाई, ही जागा माझी आहे. इथे माझा पापड होता."

"कुठं हाय पापड, चेअरमनसाब?"

"कावळ्याने नेला."

"मग कव्वे के पास जावा ना. माझ्याकडं कशाला?"

"सर," बोराडे सरांकडे वळले, "पापड गेला म्हणून हक्क जातो का? हे तुमचं शास्त्र काय म्हणतं?"

सरांचे डोळे चमकले. मालकी आणि ताबा यांतला फरक हा त्यांचा आवडता विषय होता. ते बोलू लागले. त्यांनी गायरानाचं उदाहरण दिलं, मग विहिरीचं, मग पुन्हा गायरानाकडे आले. माणसं गोल करून ऐकत होती, कारण ऊन असलं तरी रविवार होता. सर समारोपाला आले तेव्हा आबिदाबाईंनी कपाळावर हात मारला. सगळे सरांकडे बघत असताना कबुतरांचा अख्खा थवा शेवयांवर उतरला होता आणि त्यांनी मालकी हक्काचा प्रश्न निकालात काढला होता.

"सर, गुस्सा नको," आबिदाबाई परात उचलताना म्हणाल्या, "पण तुमच्या आधी निदान शेवया सावलीत तरी वाळत होत्या."

त्या दिवशी सरांनी जेवताना भाजीला मीठ नाही हे सांगितलं नाही. मोहिनीबाईंनी ते ओळखलं आणि दुसरी पोळी न विचारता वाढली.

मंगळवारी सकाळी, अजून दुधाची पिशवी दारात लटकत असताना, आक्काबाई दारात उभ्या. हातात टोकन.

"सर, ह्या चिठ्ठीवर मंगळवार हाय."

"हो. मिळाला ना तुम्हाला?"

"मिळाला. चीक शिजवून झाला, कुरडया पाडून झाल्या, पोरीनं वर नेऊन टाकल्या. आता पोरीचा पेपर. लेक-सून कंपनीत. माझ्या गुडघ्यांनी गच्चीचा जिना चढवत न्हाय. वार तुम्ही दिला. तर राखाय तुम्हीच बसा."

सरांनी मोहिनीबाईंकडे पाहिलं. त्या बँकेची पर्स शोधत होत्या आणि ती पर्स त्यांच्या खांद्यावरच होती. हसरा चेहरा पदरात लपवायची सोय ड्रेसमध्ये नसते.

सरांनी कॉलेजला फोन करून रजा टाकली. कारण ‘घरगुती’ असं सांगितलं. सामाईक असं सांगायची हिंमत झाली नाही. आणि पीएच.डी. झालेले, परीक्षा मंडळावर असलेले, राज्यस्तरीय चर्चासत्रात एकदा आभार मानलेले नवनाथ दोंदे, डोक्यावर छत्री, हातात काठी, टाकीच्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर कबुतरं हाकायला बसले.

पहिला तास अपमानात गेला. शेजारच्या बिल्डिंगच्या गॅलरीतून एका विद्यार्थ्याने हात केला, "सर, सुपरव्हिजन का?" सरांनी छत्री त्या बाजूला कलती केली. खालून आक्काबाईंचा आवाज आला. त्यांचं गुडघ्यांशी भांडण असलं तरी गळ्याशी नव्हतं:

*काठी गं आली हाती, खडू गेला खिशात,*
*कबुतरं भरली सरांच्या वर्गात.*

कबुतरं खरंच होती. टाकीवर ओळीने बसून मान वाकडी करून बघत होती, पहिल्या बाकावरच्या पोरांपेक्षा जास्त लक्ष देऊन. सरांनी काठी उचलली की उडायची, ठेवली की परत. थोड्या वेळाने सरांना त्यात लय सापडली. ऊन चढत होतं, कुरडयांच्या पांढऱ्या जाळ्या पारदर्शक होत होत्या, कडेने हळूहळू उचलत होत्या. ताज्या चिकाचा आंबूस वास टाळूपर्यंत जात होता. लांब त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर वितळल्यासारखे दिसत होते. सरांना वाटलं, आपण कित्येक वर्षांत इतका वेळ एका गोष्टीकडे बघितलं नाही.

दहाच्या सुमारास आबिदाबाईंनी जिन्यातून डोकावून पाहिलं. "सर, आज हितंच हाय का तुम्ही?"

"आहे."

"दुपारपर्यंत?"

"हो."

त्या गेल्या आणि शेवयांची परात घेऊन आल्या. आक्काबाईंच्या कुरडयांच्या शेजारी पसरून, "जरा नजर ठेवा," म्हणून शिवणाच्या मशीनवर परत गेल्या. सर म्हणणार होते की आज मंगळवार आणि तुमचं टोकन बुधवारचं. पण शब्द ओठांवर येईपर्यंत पहिल्या मजल्यावरच्या वैष्णवीने साबुदाण्याच्या पापड्या आणल्या. ऑफिसला निघाली होती, स्कूटीची चावी तोंडात. मग बोराड्यांच्या घरून सांडगे आले. मग कुणाच्या तरी मिरच्या. "सर आहेत ना वर," एवढंच जिन्यातून ऐकू येत होतं. टोकन कुणी दाखवलं नाही, कुणी मागितलं नाही.

सर संतापून उभे राहिले. रचना मोडत होती. त्यांनी गच्चीवरून नजर फिरवली, नियमभंग किती झाला ते बघायला. आणि तसेच उभे राहिले.

कुरडया होत्या, शेवया होत्या, पापड्या, सांडगे, मिरच्या. सगळं मांडून झालं होतं, टाकीची सावली टाळून. आणि तरीही गच्ची अर्धी रिकामी होती. खडूच्या रेघा मोकळ्या उन्हात पडल्या होत्या.

जागा कमी नव्हती. कधीच कमी नव्हती. रविवारसाठी माणसं भांडत होती, कारण रविवारी घरात राखायला माणूस असायचं. इतर दिवशी गच्चीला ऊन होतं, फरशी होती, आणि काठी घेऊन बसणारं कुणी नव्हतं. टंचाई राखणीची होती, आणि सरांनी टोकनं जागेची वाटली होती. तापाच्या माणसाला त्यांनी अतिशय शास्त्रीय पद्धतीने डोळ्यांत थेंब घातले होते.

सर पुन्हा स्टुलावर बसले. त्यांना हसू फुटलं. एका माणसाने पापड खाल्ला तर तो दुसऱ्याला खाता येत नाही; पण आक्काबाईंच्या कुरडयांवरचं कबुतर हाकललं की ते आबिदाबाईंच्या शेवयांवरूनही गेलेलं असतं, वर पैसा पडत नाही, काठी झिजत नाही. अशा गोष्टींचा एक धडा आहे. सर तो दरवर्षी शिकवायचे. पुस्तकात त्याला उदाहरण दीपगृहाचं होतं, एक दिवा सगळ्याच जहाजांना पुरतो ते. नाशिकला समुद्र नाही; पोरं दीपगृह पाठ करायची आणि पेपरात लिहून विसरायची, आणि सर ते तपासून विसरायचे.

दुपारी पेपर देऊन पायल थेट वर आली. मागे, एका एका पायरीला एक एक देवाचं नाव घेत, आक्काबाईही आल्या. कुरडयांची काळजी गुडघ्यांपेक्षा मोठी होती. बोराडे सांडगे बघायला आलेच होते.

"पायल," सर लहान पोरासारखे म्हणाले, "जागा कमी नव्हती. राखण कमी होती. आणि राखण एकाने केली की सगळ्यांना पुरते. बघ."

पायलने गच्चीकडे पाहिलं, मग सरांकडे. तिने कौतुक केलं नाही. तिच्या कपाळावर आठी पडली.

"पण सर, आज तुम्ही फुकट बसलात. म्हणून सगळ्यांनी आणून टाकलं. उद्या तुम्ही कॉलेजला. मग प्रत्येकाला वाटणार, दुसरं कुणीतरी बसेल. म्हणजे कुणीच बसणार नाही. आणि रविवारी परत हाणामारी."

सरांच्या अंगावर काटा आला. हा त्या धड्याचा पुढचा भाग होता, आणि पोरीने तो पुस्तक न उघडता काढला होता.

"मग काय करायचं वो सर त्याला?" आक्काबाईंनी विचारलं.

सरांना ठाऊक होतं की सगळं या एका उत्तरावर आहे. छातीठोकपणे काहीतरी सांगितलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण उन्हात बसून माणूस जरा खरा होतो.

"आक्काबाई, उपाय पुष्कळ आहेत. पाळ्या लावा, दंड लावा, पगारी माणूस ठेवा. पण प्रत्येक उपायाला कुठेतरी भोक आहे. खात्रीचा मला ठाऊक नाही."

"म्हंजे तुमास्नी पण ठाव न्हाय."

"पूर्ण नाही."

आक्काबाई कुरडयांकडे वळल्या. एक कुरडई उलटी करून पाहिली, दुसरी पाहिली. सरांना त्या कुरडईच्या जाळीतून भूगोलाचा नकाशा लटकताना दिसला.

पायल मात्र बोराड्यांकडे बघत होती. "काका, दुपारी तुम्ही कुठं असता?"

"मी? गेटपाशी. खुर्ची टाकून बसतो. सोसायटीवर कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

"गेटवरून गेटच दिसतं ना पण," पायल म्हणाली. "इथून दोन्ही विंग दिसतात. पार्किंग दिसतं. मागची भिंत दिसते, जिथून ती पोरं कचरा टाकतात म्हणता ना, ती पण. टाकीच्या सावलीत वारा आहे. एक शिट्टी असली की झालं."

बोराडे कठड्यापाशी गेले. खाली वाकून पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पाठ सरळ झाली. हात आपोआप मागे गेले. प्रेसमध्ये असताना ते कसे उभे राहत असतील, ते सगळ्यांना दिसलं.

"शिट्टी आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "जुनी. पण कबुतरांचं काम मी करणार नाही. मी देखरेख करणार."

"देखरेखच, काका. कबुतरं त्यात आपोआप आली."

"आन रोज आमच्या तव्यावरची पहिली गरम पापडी चेअरमनसायबाला," आबिदाबाई जिन्यातून म्हणाल्या. त्या शेवया हलवायला आल्या होत्या. मग, कुणाकडे न बघता, "आक्का, तुमच्या कुरडया चांगल्या उतरल्या हाय. सलाम."

"तुमच्या शेवया पण बारीक हायती," आक्काबाई म्हणाल्या, आणि स्वतःची चादर हाताने ओढून शेवयांना थोडी जागा करून दिली. जागा होतीच, पण दिली.

बोराडे खुर्ची आणायला खाली गेले. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये चार मजले खुर्ची स्वतः वाहून आणायची त्यांची घाई बघून आक्काबाईंनी पायलकडे रोखून पाहिलं. मग सरांकडे.

"सर, घाला तिला तुमच्यात."

सरांना आपण बरोबर ऐकलं का कळेना. "अर्थशास्त्रात?"

"मंग. मी म्हटलं वाटप शिकवत्यात, ते काय तुमास्नी जमलं न्हाय. पर ह्या पोरीनं अशा माणसाला उन्हात बसवला, जो घरात पंख्याचं बटन सोता दाबत न्हाय. आन तो खुशीनं गेला. ही विद्या भूगोलात न्हाय. कुठं शिकली ही?"

सरांना सांगावंसं वाटलं की हे त्यांनी शिकवलेलं नाही. हे तिला आधीपासूनच येतं, आणि ज्याला काय हवंय ते आधी ओळखावं आणि मग नियम करावा, एवढंच त्यांचं शास्त्र शेवटी सांगतं, जे त्यांना स्वतःला आज दुपारी कळलं. सांगावंसं वाटलं, की आक्काबाई, खात्री नको, मी तिला फक्त प्रश्न देईन. त्यांनी तोंड उघडलंही. पण मोहिनीबाई म्हणतात त्याप्रमाणे, प्रवेश पक्का होईपर्यंत काही गोष्टी पाण्यासारख्या गिळाव्यात.

"माझ्या वर्गात शिकली," सर एवढंच म्हणाले, आणि उठून काठी कबुतरांवर उगारली, कारण बोराडे अजून दुसऱ्या मजल्यावरच खुर्ची टेकवून दम खात होते.